पावडरचं वजन दर वेळी वेगळं येतंय? पिस्तुलाची काडतुसं भरणाऱ्यांसाठी काट्याची तपासणी, आणि नवा काटा घ्यायचाच झाला तर

रिलोडिंग करणारे, म्हणजे वापरलेल्या केस (काडतुसाचं धातूचं आवरण) पुन्हा भरणारे लोक काटा घेऊन येतात तेव्हा तक्रार जवळजवळ एकच असते: आकडा एका जागी राहत नाही. काटा बिघडलाय, नवा कोणता घेऊ, हा पुढचा प्रश्न ठरलेला. पण यातले बरेच काटे बिघडलेले नसतात. ते चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या सेटिंगवर वापरलेले असतात. काही मात्र या कामाला मुळातच अपुरे असतात आणि त्यांना कितीही जपलं तरी उपयोग होत नाही. या दोन प्रकारांतला फरक घरच्या घरी ओळखता येतो.

आधी लक्षणं. यातली कोणती तुमच्याकडे दिसतात ते कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या तपासण्या त्यांच्याशी जोडलेल्या आहेत.

- रिकामं पारडं ठेवून शून्य केलं, आणि थोड्या वेळाने तेच रिकामं पारडं ०.२ किंवा उणे ०.३ ग्रेन दाखवतंय.
- तीच पावडर तशीच उचलून परत ठेवली की आकडा बदलतो.
- काहीही न करता आकडा एकाच दिशेने हळूहळू सरकत राहतो.
- हात, फनेल किंवा मोबाईल जवळ नेला की आकडा हलतो.
- ट्रिकलरने (दाणे थोडे थोडे सोडणाऱ्या साधनाने) एकेक दाणा टाकताना आकडा अडून बसतो आणि मग एकदम उडी मारतो.
- ग्रेनमध्ये मोजताना काही आकडे कधी दिसतच नाहीत.
- दांडीचा तराजू असेल तर दर्शक दर वेळी वेगळ्या जागी थांबतो.
- सुरुवातीला बरोबर असलेला काटा काम संपेपर्यंत चुकलेला असतो.

पिस्तुलाच्या बाबतीत हे इतकं गंभीर का, हे आकड्यांतच पाहा. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. १ ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन बसतात. रायफलच्या ४० ग्रेनच्या चार्जमध्ये, म्हणजे एका काडतुसात भरायच्या पावडरमध्ये, ०.१ ग्रेनची चूक झाली तर ती पाव टक्का होते. पिस्तुलाच्या ४ ग्रेनच्या चार्जमध्ये तीच चूक अडीच टक्के होते. आणि पिस्तुलाच्या छोट्या केसमध्ये लोड मॅन्युअलमधला (कोणत्या काडतुसात किती पावडर भरायची हे सांगणाऱ्या पुस्तकातला) सुरुवातीचा चार्ज आणि कमाल चार्ज यांच्यातलं अंतर अनेकदा अर्ध्या ग्रेनच्या आसपासच असतं. म्हणजे काटा ०.३ ग्रेन सरकला तर तुम्ही त्या मर्यादेतली अर्ध्याहून जास्त वाट नकळत चालून गेलात. त्यातून पिस्तुलाची पावडर बहुधा वेगाने जळणारी असते, आणि चार्ज थोडा वाढला तरी दाब त्या प्रमाणापेक्षा जास्त चढतो. म्हणून ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य या कामात वापरू नका.

एक अट तपासण्यांच्या आधीच. काट्याबद्दल शंका आली त्या क्षणापासून भरणं थांबवा. पावडर तिच्या मूळ डब्यात परत घाला, झाकण लावा, आणि मग काट्याकडे वळा. भरता भरता काटा दुरुस्त करायचा नाही. पुढचं सगळं अर्थातच जिथे कायद्याने काडतुसं भरायला परवानगी आहे आणि तुमच्याकडे लागणारा परवाना आहे, तिथलंच.

एकक पाहा

ही तपासणी फुकट आहे आणि तिला दोन सेकंद लागतात, तरीही ती पहिली आहे, कारण तिच्यातली चूक सगळ्यात मोठी असते. बहुतेक छोटे डिजिटल काटे ग्रॅम, ग्रेन, कॅरेट आणि औंस अशी चार-पाच एककं दाखवतात आणि ती बदलायचं बटण बहुधा टेअरच्या (शून्य करायच्या) बटणाशेजारीच असतं. घाईत बोट तिकडे पडतं. ग्रॅमला काही काटे ‘जी’ लिहितात, ग्रेनला ‘जीएन’ किंवा ‘जीआर’. छोट्या पडद्यावर ही अक्षरं चटकन वेगळी वाटत नाहीत. ग्रॅम आणि ग्रेनमध्ये पंधरा पटींहून जास्त फरक असल्यामुळे ती चूक डोळ्यांना तरी दिसते. कॅरेटचं तसं नाही. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे ३.०९ ग्रेन. तिप्पट पावडर काही मोठ्या केसमध्ये सहज मावते. बॅटरी बदलल्यावर किंवा काटा बंद-चालू केल्यावर एकक आपोआप मूळ सेटिंगवर जाणारे काटेही आहेत, म्हणून प्रत्येक वेळी चालू केल्यावर एकक मोठ्याने वाचा.

तापू द्या

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या डिजिटल काट्यांत लोड सेल असतो. धातूची एक छोटी पट्टी, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक रोधकांच्या जाळ्या. वजनाने पट्टी किंचित वाकते, रोध किंचित बदलतो आणि त्या बदलावरून काटा वजन काढतो. हा बदल इतका सूक्ष्म असतो की तापमानाने होणारा बदलही त्याच्या बरोबरीला येतो. काटा नुकताच चालू केलेला असताना आतले भाग गरम होत असतात आणि आकडा एका दिशेने सरकतो. ‘काहीही न करता हळूहळू सरकतो’ या लक्षणाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

काटा चालू करून अर्धा तास सोडून द्या. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा. थंड कपाटातून किंवा गाडीतून आणलेला काटा असेल तर खोलीच्या तापमानाला यायलाच त्याला आणखी वेळ लागतो. इथे एक अडचण येते: बॅटरीवर चालणारे खिशातले काटे एक-दोन मिनिटांत स्वतःच बंद होतात. ती सोय बंद करता येत नसेल तर तो काटा कधीच नीट तापत नाही, आणि प्रत्येक चार्ज थंड काट्यावर मोजला जातो. असा काटा या कामाला नको.

पारड्याचा उणे आकडा लिहून ठेवा

मला विचाराल तर संपूर्ण यादीतली सगळ्यात उपयोगी सवय ही आहे. पारडं ठेवून शून्य करा. आता पारडं उचला. काटा पारड्याचं वजन उणे करून दाखवेल, समजा उणे १५२.४ ग्रेन. हा आकडा काट्याच्या अंगावर पट्टी चिकटवून लिहा. प्रत्येक चार्ज केसमध्ये ओतायला तुम्ही पारडं उचलताच, त्या प्रत्येक वेळी हा आकडा आपोआप समोर येतो. तो तसाच असेल तर शून्य जागेवर आहे. उणे १५२.१ दिसला तर शून्य ०.३ ने सरकलंय, आणि हे तुम्हाला पुढचा चार्ज मोजण्याआधी कळलं.

पारड्यात चार-दोन दाणे चिकटून राहिले असतील तर मात्र उणे आकडा बदलत नाही, कारण काटा रिकामा असतो. त्यासाठी रिकामं पारडं परत ठेवल्यावर नेमकं शून्य येतंय का तेही पाहा. दोन्ही मिळून तपासणी पूर्ण होते.

वारा, टेबल, पातळी

पंखा, एसी, उघडी खिडकी, शेजारी ठेवलेला दिवा, तुमचा श्वास. ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, आणि पारड्यावरून जाणारी हलकी झुळूकही तेवढा धक्का सहज देते. काट्यावर एक मोठी काचेची बरणी किंवा पुठ्ठ्याचा खोका उलटा झाका, काट्याला कुठेही न टेकवता. आकडा लगेच स्थिर झाला तर दोषी वारा आहे आणि तुमचे पैसे वाचले. पंखा बंद करा, आणि तीन बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा कायमचा उभा करा.

त्याच टेबलावर प्रेस (काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र) बसवलेलं असेल तर काटा तिथून हलवा. प्रेसचा दांडा ओढला की सगळं टेबल वाकतं. वेगळं, जड, न डुगडुगणारं टेबल हवं. काट्याला पातळीचा बुडबुडा असेल तर तो मध्यभागी आणा. नसेल तर छोटी पाणसळ ठेवून पाहा. तिरक्या काट्यावर वजनाचा काही भाग आडवा जातो, आणि दांडीच्या तराजूचं तर शून्यच सरकतं. जागा बदलली की पातळी आणि शून्य पुन्हा पाहायचं, अपवाद न करता.

स्थिर विद्युत

कोरड्या हवेत काम करणाऱ्यांकडे हे दुखणं दर हिवाळ्यात परत येतं. प्लास्टिकचं पारडं, प्लास्टिकचं फनेल, प्लास्टिकचं झाकण, अंगात सिंथेटिक स्वेटर. घासून घासून प्लास्टिकवर विद्युतभार साठतो. मग पारडं झाकणाकडे ओढलं जातं किंवा दूर ढकललं जातं, आणि काट्याला ते वजन वाटतं. ओळखायचं असं: पारड्याला न शिवता हात जवळ न्या आणि बाजूला घ्या. आकडा हाताबरोबर हलला, फनेलला दाणे चिकटून राहिले, तर हेच कारण.

धातूचं पारडं वापरा. प्लास्टिकच्या वस्तू कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात त्या अँटिस्टॅटिक शीटने पुसा. सुती कपडे घाला. हवेतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर हा त्रास बहुतेक संपतो. काम सुरू करण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावण्याची सवय ठेवा. पावडर आणि प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) शेजारी असताना ठिणगी नको हे वेगळं सांगायला नको.

आर्द्रतेवरून आठवलं: पावडर स्वतःही हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पावडर मेजरमध्ये (पावडर मापून टाकणाऱ्या साधनात) रात्रभर उघडी राहिलेली पावडर दुसऱ्या दिवशी वेगळी वागते आणि संशय काट्यावर जातो.

मोबाईल, चार्जर, दिवे, बॅटरी

मोबाईल काट्यापासून दूर ठेवा, दुसऱ्या खोलीत ठेवला तर उत्तम. लोड सेलमधून येणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो आणि शेजारच्या उपकरणांचा गोंगाट त्यात मिसळतो. जुन्या ट्यूबलाइटचा चोक आणि स्वस्त चार्जर यांचाही तोच दोष. तपासायला सोपं आहे: एकेक वस्तू बंद करत जा आणि आकडा पाहा. अॅडॉप्टरवर चालणारा काटा डळमळत असेल तर तो बॅटरीवर चालवून पाहा, आणि बॅटरीवरचा डळमळत असेल तर बॅटरी नवी घाला. उतरलेली बॅटरी इशारा देण्याआधीच चुकीचे आकडे दाखवू शकते.

पारड्याखालची सफाई

पारडं आणि त्याखालची ताटली उचला. तिथे पावडरचे दाणे सापडले तर आश्चर्य नको. एखादा दाणा ताटली आणि काट्याच्या अंगामध्ये अडकला की ताटली पूर्ण खाली जाऊ शकत नाही आणि आकडा अडून बसतो. मऊ कोरड्या ब्रशने झाडा. दाबाच्या हवेचा डबा वापरू नका. तो दाणे आणखी आत ढकलतो, धातू गार करतो आणि जोर जास्त झाला तर लोड सेललाही इजा करतो. ताटली परत बसवताना बोटाने दाबू नका. ५० ग्रॅम क्षमतेच्या काट्यावर बोटाचा साधा दाब क्षमतेच्या कितीतरी पट असतो. कुरकुर करणारे बरेच काटे असेच दाबून खराब झालेले असतात.

आकडा अडून मग उडी मारतो तेव्हा

हे लक्षण वेगळं आहे, कारण इथे काटा दोषी असेलच असं नाही. डिजिटल काटे शून्याजवळचा बारीक सरकाव स्वतःहून खोडून काढतात. त्यामुळे अगदी हळू पडणारे दाणे त्याला सरकाव वाटतात आणि तो ते गिळून टाकतो. शून्यापासून दूर असतानाही आकडा स्थिर दाखवण्यासाठी काटा वाचन गुळगुळीत करतो, म्हणून एकेक दाणा टाकला तर त्याची दखल उशिरा घेतली जाते.

उपाय काम करण्याच्या पद्धतीत आहे. रिकाम्या पारड्यात ट्रिकलरने सुरुवात करू नका. चार्जचा मोठा भाग आधी एकदम टाका, शेवटचे दोन-तीन दशांश ग्रेन ट्रिकल करा, आणि आकडा गाठल्यावर पारडं उचलून परत ठेवा. परत ठेवल्यावर जो आकडा येईल तोच खरा. आकडा वाढला तर पारड्यातून पावडर काढा.

आता थोडे पैसे: तपासणीची वजनं

इथपर्यंतचं सगळं जवळजवळ फुकट होतं. यापुढे तपासणीच्या वजनांशिवाय जाता येत नाही, आणि काट्याबरोबर मिळालेलं २० किंवा ५० ग्रॅमचं वजन या कामाला पुरत नाही. ५० ग्रॅम म्हणजे ७७२ ग्रेन. तिथे काटा अचूक असेल आणि ५ ग्रेनजवळ चुकत असेल, हे अगदी शक्य आहे. वजन मोजायचं तिथेच काटा तपासायला हवा.

१००, २०० आणि ५०० मिलिग्रॅम अशी तीन वजनं घ्या. ती पातळ पत्र्याची असतात. २०० मिलिग्रॅम म्हणजे ३.०९ ग्रेन, २०० आणि १०० मिळून ४.६३, आणि ५०० मिलिग्रॅम म्हणजे ७.७२ ग्रेन. नेहमीच्या पिस्तुलाच्या चार्जची बरीचशी मर्यादा एवढ्यात येते. आंतरराष्ट्रीय कायदेशीर मापनशास्त्र संघटनेच्या, म्हणजे ओआयएमएलच्या, वर्गवारीत एम१ वर्गाच्या ५०० मिलिग्रॅमच्या वजनाला ०.८ मिलिग्रॅमची सूट आहे. एफ१ वर्गाच्या वजनाला ०.०८. ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम असल्यामुळे एम१ सुद्धा चालतं. परवडत असेल तर एफ१ घ्या, म्हणजे पुढे चांगला काटा घेतल्यावर वजनं बदलावी लागत नाहीत. ती चिमट्यानेच उचला. बोटाचा घाम आणि तेल इतक्या छोट्या वजनाला जाणवण्याइतकं असतं.

आता खरी परीक्षा. काटा तापलेला, वारा बंद. ५०० मिलिग्रॅमचं वजन पारड्यात ठेवा, वाचा, पारड्यासकट उचला, उणे आकडा पाहा, परत ठेवा. असं दहा वेळा करा आणि दहाही आकडे लिहा. ०.१ ग्रेनच्या काट्यावर सगळे आकडे ७.७ च्या एका घराच्या आत हवेत. मग हेच २०० आणि ३०० मिलिग्रॅमवर करा. तीन गोष्टी वेगळ्या करून पाहा:

आकडे एकमेकांशी जुळतात पण सगळेच सारखे चुकलेले आहेत, तर काटा चांगला आहे आणि त्याला कॅलिब्रेशन हवंय. आकडे विखुरलेले आहेत, तर कॅलिब्रेशनने काही होणार नाही. आणि ५० ग्रॅमवर बरोबर पण ३०० मिलिग्रॅमवर चुकतोय, तर तो काटा तुमच्या कामाच्या मर्यादेत सरळ रेषेत मोजत नाही. त्याला इलाज नाही.

कॅलिब्रेशन आत्ता, आधी नाही

आकडा हलताना दिसला की लोक पहिल्यांदा कॅलिब्रेशनचं बटण दाबतात. नेमकं हेच करू नका. पंखा चालू असताना, काटा थंड असताना कॅलिब्रेट केलं तर त्या क्षणाची चूक काट्याच्या आठवणीत कायमची बसते. वर सांगितलेलं सगळं झाल्यावर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वजनानेच कॅलिब्रेट करा, आणि लगेच मिलिग्रॅमच्या वजनांनी पुन्हा तपासा.

दूरच्या ठिकाणी काटा नेला असेल तर कॅलिब्रेशन अनिवार्य आहे. लोड सेल बल मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत सुमारे अर्ध्या टक्क्याने बदलतं. दांडीच्या तराजूला ही भानगड नाही, कारण तो वजनाची तुलना वजनाशी करतो.

दांडीचा तराजू असेल तर

त्याच्या तक्रारी कमी आणि बहुतेक घर्षणाच्या. दांडीच्या धारा आणि त्या टेकतात ते खाचे स्वच्छ, कोरडे हवेत. मऊ ब्रशने किंवा स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा. तेल कधीच घालू नका; तेल धूळ धरतं आणि दांडी चिकटते. दांडीचं डोलणं थांबवण्यासाठी तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी चुंबकांमधून फिरते. त्या चुंबकांना लोखंडाचा बारीक कीस चिकटतो आणि पट्टी घासते. चिकटपट्टीने तो काढता येतो.

परीक्षा सोपी. वजन ठेवा, दर्शक थांबू द्या, दांडीला बोटाने हलकं वर करून सोडा, मग खाली करून सोडा. दोन्ही वेळा दर्शक त्याच रेषेवर थांबला पाहिजे. मग पावडरचे एक-दोन दाणे टाका. दर्शक हलला पाहिजे. सरकतं वजन खाचेत पूर्ण बसलंय का पाहा, अर्धवट बसलेलं वजन पूर्ण एका घराची चूक देतं. दर्शक डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचा, वरून पाहिलं तर वेगळा दिसतो. आणि पारडं त्याच तराजूचं हवं, अदलाबदल चालत नाही.

दोन काटे जुळत नाहीत

दोघांपैकी खरं कोण, हे दोन काटे कधीच सांगू शकत नाहीत. ते फक्त तपासणीची वजनं सांगतात. त्यांच्याविना दोन आकड्यांची सरासरी काढून काम चालवणं ही धोकादायक तडजोड आहे.

पावडर मेजर वापरणाऱ्यांना काट्याचं ओझं थोडं हलकं करता येतं. दहा थ्रो, म्हणजे मेजरने दहा वेळा टाकलेली पावडर, एकत्र मोजा आणि दहाने भागा. ४.६ चे दहा म्हणजे ४६ ग्रेन, आणि तिथे काट्याची ०.१ ची चूक प्रत्येक थ्रोमागे ०.०१ उरते. सरासरी चांगली कळते, पण एखादा थ्रो जास्त आणि दुसरा कमी पडलेला झाकला जातो. म्हणून अधूनमधून एकेकटे थ्रोही मोजा. काट्याने दुहेरी चार्ज (एकाच केसमध्ये दोनदा पडलेली पावडर) पकडता येत नाही हेही लक्षात असू द्या. बुलेट बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये उजेडात डोकावून पाहणं काट्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

कुठे थांबायचं

सफाई, तापणं, वारा, स्थिर विद्युत, कॅलिब्रेशन हे सगळं होऊनही दहा वाचनं विखुरलेली राहिली, तर थांबा. वजन पारड्याच्या कडेला ठेवल्यावर आणि मध्ये ठेवल्यावर आकडा बदलत असेल, २० ग्रॅमचं वजन पाव तास ठेवल्यावर आकडा सरकत असेल किंवा ते उचलल्यावर शून्य परत येत नसेल, तर लोड सेलला बहुधा इजा झालेली आहे. काटा उघडू नका. महाग विश्लेषणाचा काटा असेल तर निर्मात्याच्या सेवा केंद्राकडे किंवा आयएसओ/आयईसी १७०२५ मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडे पाठवा, आणि प्रमाणपत्रावर तुमच्या मर्यादेतले, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचे बिंदू मोजायला सांगा. स्वस्त काट्याची दुरुस्ती परवडत नाही. तो रिलोडिंगच्या टेबलावरून कायमचा हटवा, नाही तर कुणीतरी तो परत उचलतो.

मागच्या खात्रीच्या तपासणीनंतर भरलेली सगळी काडतुसं संशयित धरा. वेगळ्या डब्यात, ‘वापरू नये’ असं लिहून ठेवा. पूर्ण काडतुसाचं वजन करून जास्त भरलेली शोधता येतील असा विचार मनात येतो. तो सोडून द्या. एकाच मापाच्या केसमध्ये आणि बुलेटमध्ये असलेला वजनाचा फरक चार्जमधल्या फरकाला सहज झाकून टाकतो. बुलेट पुलरने (बुलेट केसमधून ओढून काढणाऱ्या साधनाने) एकेक काडतूस उघडा. ते जमणार नसेल तर नष्ट कशी करायची हे परवाना देणाऱ्या यंत्रणेला किंवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याला विचारा. कचऱ्यात टाकू नका.

त्यातली काही आधीच झाडली असतील आणि आवाज दबका आला असेल, धक्का नेहमीपेक्षा कमी-जास्त वाटला असेल, प्रायमर चपटा झालेला किंवा केस फुगलेली, चिरलेली दिसली असेल, तर पुढची गोळी झाडू नका. दबक्या आवाजानंतर बुलेट नळीत अडकलेली असू शकते. शस्त्र सुरक्षित करून तज्ज्ञ गनस्मिथकडे न्या.

नवा काटा घेताना

दशांश चिन्हानंतरचे आकडे मोजून काटा निवडू नका. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा ग्रेनमध्ये दाखवला की छान दिसतो, पण त्याचं एक घर ०.१५४ ग्रेनचं आहे. ते दशांशात बसवताना तो ०.२, ०.३, ०.५, ०.६, ०.८, ०.९, १.१ असं दाखवतो; ०.१, ०.४, ०.७ आणि १.० त्याच्या पडद्यावर कधी येतच नाहीत. लक्षणांमधले ‘न दिसणारे आकडे’ हेच. पिस्तुलाच्या कामाला असा काटा अपुरा आहे. निदान ०.००१ ग्रॅम, म्हणजे ०.०१५ ग्रेन दाखवणारा हवा, किंवा ०.१ ग्रेनचा चांगला दांडीचा तराजू.

माहितीपत्रकात ‘रीडेबिलिटी’ आणि ‘रिपीटेबिलिटी’ वेगळ्या शोधा. पहिली म्हणजे पडद्यावरचं सगळ्यात छोटं घर. दुसरी म्हणजे तेच वजन परत ठेवल्यावर आकडा किती जवळ येतो. दुसरी दिलेलीच नसेल तर मी तो काटा घेत नाही. क्षमता कमी असलेली बरी. स्वतःहून बंद होण्याची सोय बंद करता यावी, पारडं धातूचं असावं, वारा अडवणारं झाकण असावं, आणि अॅडॉप्टरवर चालावा. विद्युतचुंबकीय बलाने वजन तोलणारे काटे लोड सेलपेक्षा खूपच कमी सरकतात, पण किंमत मोठ्या पटीत असते. रोज भरणाऱ्याला ती परवडण्यासारखी आहे. महिन्यातून एकदा थोडी काडतुसं भरणाऱ्याला माझा सल्ला दांडीच्या तराजूचा: हळू आहे, पण त्याला ना बॅटरी लागते, ना तापायला वेळ, ना मोबाईलची भीती.

आणि मिलिग्रॅमची वजनं काट्याच्या आधी खरेदी करा. नवा काटा घरी आल्यावर परतीची मुदत संपण्याच्या आत दहा वाचनांची परीक्षा तीनही वजनांवर घ्या, तारीख घालून कागदावर लिहा आणि तो कागद काट्याजवळ ठेवा. पुढे शंका आली की त्याच वजनांनी तीच परीक्षा घ्यायची आणि आकडे त्या कागदाशी ताडून पाहायचे.